सोड्याचा फेल्डस्पार

भट्टीचं दार दादाने पाहुण्यांसमोर उघडलं. ती त्याची रीतच होती. आतला माल आधी लोकांनी बघावा, "वा!" म्हणावं, मग त्याने हळूच हसावं.

या खेपेला पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

फुलदाण्यांवरचं निळसर ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काच होणारा लेप, ओघळून तळाशी साचलं होतं. दादाने एक फुलदाणी उचलायला घेतली, तर खालची फळीही तिच्यासोबत हलली. सगळा माल काचेने फळ्यांना चिकटला होता. आणि उद्या प्रदर्शन.

मागे बादल्या विसळणाऱ्या बहिणीला आनंद झाला. अगदी भरभरून झाला.

ग्लेझमध्ये पडणाऱ्या फेल्डस्पार या खनिजाचे दोन प्रकार, दिसायला सारखेच, पांढरी भुकटी. पोटॅशचा वितळला तरी दाट राहतो, भांड्याला धरून असतो. सोड्याचा लवकर पातळ होतो आणि धावत सुटतो. आजवर ग्लेझ तीच कालवत आली होती. मागच्या प्रदर्शनात मात्र दादाने पत्रकाराला ऐटीत सांगितलं, "ग्लेझ माझा शोध आहे. बहीण असते हाताखाली, बादल्या धुते." ते तिच्या डोक्यात गेलं होतं. म्हणून यंदा तिने पोटॅशऐवजी सोड्याचा घातला, आणि हात सैल सोडून घातला. दादाने महिनाभर चाकावर बसून घडवलेल्या त्या फुलदाण्यांची तिला जराही कीव आली नाही.

प्रदर्शन भरवणाऱ्या गॅलरीच्या मालकीणबाई चष्मा वर करून भट्टीत डोकावल्या. "अहो, हे झालं कसं?"

दादा बहिणीजवळ येऊन दातओठ खात पुटपुटला, "काय घातलंस यात?"

"मी कुठे काय घालते? मी बादल्या धुते."

"म्हणजे तुमचंच प्रमाण चुकलं म्हणायचं," मालकीणबाई दादाला म्हणाल्या. "असं असेल तर पुढच्या वर्षीचं मला नीट विचार करूनच ठरवावं लागेल."

दादाचा चेहरा उतरला. मग एकदम तो उसळला, "माझं काय चुकणार? ग्लेझमधलं मला ओ की ठो कळत नाही! पहिल्यापासून सगळं हीच करते!"

पाहुण्यांच्या माना वळल्या. बहिणीने हात ॲप्रनला पुसले आणि ती पुढे आली.

"दादा, जरा मोठ्याने सांग," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाही आलं."