अम्मीचा भांग

"आपलंच रक्त काढायचं, मशिनीत फिरवायचं आन त्यातलं निवडक परत डोक्यात टोचायचं. केस भरत्यात म्हणं," शनिवारी दुपारी मेथी निवडता निवडता नूरबी म्हणाली. आळेफाट्याच्या डॉक्टरांकडून ती सगळं ऐकून आली होती.

तिच्या लेकीनं, झेबानं, त्यावर बरंच वाचलं होतं. "अम्मी, सगळ्यांनाच गुण येत नाही. दर महिन्याला सुया. आणि गुण आला तरी पुढं करत राहावं लागतं."

"न्हाई आला तर न्हाई आला. रक्त माझं, डोकं माझं."

"पण साठीत कशाला? डोक्यावरची ओढणी तुझी कधी खाली येत नाही. बघणार कोण?"

"मी बघते की! रोज फणी मीच करते ना?" नूरबी खळखळून हसली. "सोमवारी जायचं. तू नाय आलीस तर एस्टीनं एकटी जाईन."

रविवारी पहाटे ती झोपेतच गेली.

अखेरची अंघोळ घरातल्या बायकांनी घातली. कफन चढवताना नूरबीची बहीण, रुक्साना खाला, झेबाला म्हणाली, "आता केसांचे दोन भाग कर आन दोन्हीकडून छातीवर आणून ठेव."

झेबानं रुंद झालेल्या भांगावरून बोट फिरवलं. दोन्ही बटा मिळून एका चिमटीत मावल्या असत्या. त्या तिनं नीट पसरून ठेवल्या. खालानं चेहरा झाकायला कापड उचललं, तसा झेबानं तिचा हात धरला. मग ती वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अम्मी, लई देखणी आहेस तू."