तिसऱ्या वेढ्यातला दगड

मास्तर गाडीतून उतरले तेव्हा राखणदार फाटकाशी खुर्ची पुसत उभा होता.

"या सर! आठवी खेप. एवढ्या वेळा इथे कुणीच येत नाही."

"मला माहेरीसुद्धा इतक्या वेळा नेलं नाही यांनी," मास्तरांची बायको गाडीतूनच म्हणाली आणि थर्मास उघडून बसली.

मास्तर ओशाळं हसले. पिशवी त्यांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

समोरच्या उजाड माळावर काळ्या दगडांचं भलंमोठं वेटोळं पसरलं होतं. एका शिल्पकाराने ते अकरा वर्षं खपून मांडलं. राखणदार तेव्हा त्याच्या हाताखाली होता. दर दगडासाठी दोघांनी जमिनीत बेताचा खळगा केला, दगडाच्या पोटावर रंगाने आकडा घातला आणि आकडा खाली करून तो बसवला. बाहेरून मध्यापर्यंत पोचायला तासभर चालावं लागे.

पहिल्या खेपेला मास्तरांनी तिसऱ्या वेढ्यातला एक दगड उचलून पिशवीत टाकला होता. हजारोंतला एक, कुणाला कळतंय! घरी जाऊन उलटा केला तर पोटावर आकडा: ३११८. आणि हा माणूस जन्मभर चित्रकलेच्या तासाला पोरांना ओरडून सांगत आलेला, दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही म्हणून. तेव्हापासून दरवर्षी ते दगड ठेवायला येत आणि दरवर्षी परत नेत. कारण दुसऱ्या खेपेपासून ते मानाचे पाहुणे झाले, आणि मानाच्या पाहुण्याला राखणदार एकटं सोडतच नसे. बाकीचे लोक आपापले फिरत. सरांबरोबर तो स्वतः चाले.

आजही चालला. तिसऱ्या वेढ्यात नेहमीच्या जागी, रिकाम्या खळग्याशी थांबला.

"हा एकच गेला. माझ्या राखणीत," तो म्हणाला. "हे मांडणारा आमचा म्हातारा शेवटच्या आजारपणातसुद्धा विचारत होता, मिळाला का रे. गेला बिचारा, गेल्या महिन्यात."

मास्तरांना वाटलं, सांगून टाकावं, आत्ताच. पण दरवर्षी पुसून ठेवलेली ती खुर्ची डोळ्यांपुढे आली आणि तोंडातून भलतंच निघालं.

"लोकांना काही लाजच नाही."

बोलले आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आले तेव्हा बायकोला गाडीत डुलकी लागली होती. राखणदाराने आत ठेवायला म्हणून मास्तरांची पिशवी घेतली, पण ठेवली नाही.

"ही येताना जड असते सर, आणि जातानाही तेवढीच जड," तो हलकेच म्हणाला. "मला वाटायचं, म्हातारा आहे तोवर तरी..."

मास्तरांना मान वर करवेना.

"खळगा मी बुजू दिलेला नाही. दर पावसाळ्यानंतर उकरून ठेवतो."

त्याने पिशवी पुन्हा त्यांच्या खांद्याला अडकवली. मग खुर्ची उचलून रस्त्याच्या बाजूला तोंड करून ठेवली आणि माळाकडे पाठ फिरवून बसला.

मास्तर निघाले. पहिल्या खेपेनंतर आज प्रथमच एकटे.

"आकडा खाली, सर," तो मागे न बघता म्हणाला.