मास्तरांनी दिलेले गुण

बायको गेल्याचं हॉस्पिटलातून कळलं तो शनिवार होता. सगळं उरकून नळवाला घरी आला, तेव्हा तिच्या फोनवर टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातल्या नव्या पोरीला दहापैकी किती गुण द्यायचे यावरून भांडण जुंपलं होतं.

ती पडदे शिवायची. शनिवारी मशीन लवकर झाकून कार्यक्रम बघायची आणि मग चाहत्यांच्या ग्रुपवर बसायची. ग्रुपचा रिवाज होता. कार्यक्रम संपला की प्रत्येकाने नव्या कलाकारांना गुण द्यायचे. खरी नावं कुणी लावत नसे. ती होती 'पहिली रांग'.

'पहिली रांग, कुठे आहात? तुमच्याशिवाय निकाल लागत नाही,' असं 'मास्तर' नावाचं कुणीतरी विचारत होतं.

ती गेली, एवढं लिहायला नळवाल्याने फोन हातात घेतला. पण आधी जुनं वाचत गेला, आणि लिहायचं राहिलं.

मास्तरांशी तिचं ग्रुपबाहेरही बोलणं होतं. दीड वर्षाचं. सुरुवातीला नुसते गुणांवरचे वाद. शेवटच्या महिन्यात मात्र ती हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांना पानंच्या पानं लिहीत होती. 'झोप नाही. यांना सांगितलं तर कामंधामं सोडून उशाशी बसतील. तुम्हाला सांगितलं की हलकं वाटतं.' मास्तरांचं उत्तर होतं, 'इकडेही झोप नाही. लिहीत राहा.'

तेव्हा नळवाला भिंतीपलीकडे व्हरांड्यातल्या बाकावर असायचा. तेवीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी एवढं कधी बोलली नव्हती.

त्याने एका बोटाने लिहिलं, 'तब्येत बरी नव्हती. पोरीला सहा.'

ती असल्यासारखं लिहीत राहायचं आणि प्रकरण कुठवर गेलं होतं ते काढून घ्यायचं, असं त्याने ठरवलं.

त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. धाकटी बहीण डबा घेऊन यायची तेव्हा तो वही मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलेला असायचा.

"दादा, तुला हा कार्यक्रम कधी आवडायचा नाही."

"आता बघतो."

"हसत तर नाहीस."

"गुण द्यायला हसावं लागत नाही."

विनोदातलं त्याला काही कळत नव्हतं. मास्तर काय देतात ते बघायचं आणि त्यातला एक कमी करायचा, असं त्याचं चाले. पण मास्तरही बेरकी निघाले. जुन्या निरोपांत ते कुणाला पाचच्या वर जाऊ देत नव्हते. आता सगळ्यांना सात, आणि तेही पहिल्या रांगेचा आकडा बघून. एका शनिवारी दोघं एकमेकांसाठी थांबले ते रविवार दुपारपर्यंत. ग्रुप चालवणाऱ्या न्हाव्याने लिहिलं, 'मुहूर्त बघताय का दोघं? लांब्या बिचारा निकालाची वाट बघून आणखी लांब झाला.' लांब्या हा नव्यांपैकीच एक.

ग्रुपबाहेर मास्तर सारखं खोदायचे.

'आपली ओळख कशावरून झाली, आठवतं का?'

'तुम्हीच सांगा,' नळवाला लिही.

'नाही, आधी तुम्ही.'

आणि एकदा, 'तुमच्या घरी माझ्याबद्दल माहीत आहे का?'

हे वाचून नळवाल्याचं डोकं फिरलं. दोन दिवस त्याला नळाचा आटा धड बसवता येईना. गडी नुसता रंगेल नव्हता, सावधही होता.

शेवटी त्याने लिहिलं, 'कार्यक्रमाच्या शूटिंगचे दोन पास मिळालेत. येणार?'

उत्तर यायला तीन दिवस लागले. 'नक्की. एकदा समोरासमोर व्हायलाच हवं.' त्याने एका पासचा फोटो फोनवर पाठवून दिला.

त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिशवीत मोठा पाना टाकला. दारापर्यंत जाऊन परत आला आणि पाना काढून ठेवला.

स्टुडिओत एक माणूस प्रेक्षकांना टाळ्या कधी वाजवायच्या ते शिकवत होता. नळवाला तिसऱ्या रांगेत बसला. शेजारची खुर्ची रिकामी होती. दिवे मंद होता होता पन्नाशीची एक बाई आली. तिने फोनवरचा पास बघितला, खुर्चीचा आकडा बघितला, मग त्याला.

"तुमच्या जागेवर एक बाई येणार होत्या," ती म्हणाली.

"माझी बायको. तिच्या जागी मी आलोय."

ती जरा वेळ उभीच राहिली. मग बसली.

"मला त्यांचं एकदा तोंड बघायचं होतं."

म्हणजे ही मास्तरांची बायको. चोरी तिकडेही पकडली गेली होती. नळवाल्याला सहा महिन्यांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

"मास्तर नाही आले? घाबरले?"

"तुमच्या बाई का नाही आल्या?"

समोर लांब्या टेबलावरून पडला. सगळा स्टुडिओ हसला. हे दोघं सरळ बघत बसले.

"ती नाही आता," नळवाला म्हणाला. "सहा महिने झाले. तेव्हापासून मीच लिहितोय. तुमच्या मिस्टरांना सांगा, मी सगळं वाचलंय. तिच्या शेवटच्या महिन्यातलं तर पाठ आहे मला."

बाई त्याच्याकडे वळली. बोटांच्या पेरांवर तिने काहीतरी मोजलं.

"त्यांना जाऊन आठ महिने झाले," ती म्हणाली. "त्या महिन्यातली उत्तरं माझी आहेत."

ग्रुपला दोघांचंही कळवायचं अजून राहिलं आहे.