सुमनबाईची उत्तरं

नांदेडच्या दवाखान्यात घशाच्या ओपीडीबाहेर, बाकावर, शिकाऊ डॉक्टर लुंबिनी छापील कागद घेऊन सुमनबाईशेजारी बसली. दोन वर्षं सुमनबाईच्या घशात काहीतरी अडकल्यासारखं होत होतं. दुर्बिणीनं तपासायचं की नाही, हे या कागदावरून ठरणार होतं.

"मावशी, घशाची काळजी वाटते?"

"न्हाई."

"सारखं घशाकडंच लक्ष जातं?"

"कशाला जातंय?"

"जीव गुदमरेल अशी भीती?"

"मला? न्हाई बाई."

लुंबिनी एकाखाली एक शून्य लिहीत गेली. बोलताना सुमनबाई मधेच थांबायची, आवंढा गिळायची आणि मग पुढचा शब्द काढायची.

मागं उभा असलेला तिचा मुलगा सुदर्शन हसला. "खोटं बोलून राहिली, मॅडम. दिवसभर बॅटरी घेऊन आरशापुढं आ करून उभी ऱ्हाते. भाकरीचा एक घास अर्धा तास चावते. शेजारपाजारच्या बाया दारात आल्या की त्यांनाबी तोंड उघडून दाखवते."

"खरं का, मावशी?"

सुमनबाईनं आवाज बारीक केला. "लातूरच्या डॉक्टरला सगळं खरं सांगितलं होतं, पोरी. तपासलंच न्हाई त्यानं. मनाचं हाय म्हणला. तवापासून घरात कुणी इचारत न्हाई."

"काय इचारायचं?" सुदर्शन म्हणाला. "परवा लग्नात पंगतीतून उठली, घास अडकला म्हणून. चार लोकांत लाज गेली. म्हणलं, मर एकदाची."

त्यानं ते हसतच सांगितलं. बाकावरचे दोघंतिघंही हसले.

लुंबिनीनं शून्यं खोडली आणि प्रत्येक ओळीपुढं चारचा आकडा लिहिला. चारच्या वर आकडा नव्हता.

आत मोठ्या डॉक्टरांनी नुसती बेरीज पाहिली. "एवढी चिंता? मग दुर्बीण कशाला? मानसोपचाराला पाठवा." सुमनबाईनं तोंड उघडून धरलं होतं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

"बघ! म्हणलं नव्हतं?" सुदर्शन बाहेर येत म्हणाला.

लुंबिनीनं कागद पुढं केला. शेवटची ओळ वाचून दाखवणं तिचं कामच होतं. "वरील सर्व उत्तरं मी स्वतः दिली आहेत."

सुदर्शननं आईचा अंगठा धरून शाईत दाबला.

"मला सही येते," सुमनबाई म्हणाली.

तोवर अंगठा कागदावर उमटला होता.