कापसाची गाडी

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, इर्मट्राउड, पण आपली त्राबांट उडायची!" झ्विकाउच्या वृद्धाश्रमात ओटमार बायकोला सांगत होता. आजारपणानंतर तीन महिने ती एक शब्द बोलली नव्हती, त्याला ओळखतही नव्हती.

"गाडीचं अंगच मुळी कापूस दाबून केलेलं. बाल्टिकच्या काठी वारा सुटला आणि आपण गाडीसकट समुद्रावर तरंगत निघालो. पूर्व जर्मनीच्या सरहद्दीवरचे शिपाई खालून टोप्या हलवत होते. एक ढग तुझ्या मांडीवर येऊन निजला."

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"डेन्मार्क गाठलंच असतं, पण घरी इस्त्री चालू राहिल्याचं तुला आठवलं."

इर्मट्राउडचे ओठ हलले. "ओटमार, थापाड्या! चौदा वर्षं नंबर लावून बसलो आपण. गाडी मिळाली कुठे?"