पांडुरंगकाकांचा शेरा

“बाबा, फार चांगलं लिहू नका हं,” स्कूटर स्टँडवर लावता लावता हेमांगी पुन्हा म्हणाली.

पांडुरंगकाका मागच्या सीटवरून सावकाश उतरले आणि त्यांनी सदरा झटकला. सून घाबरली होती, आणि ते त्यांना मनापासून आवडलं होतं. लिहिणाऱ्याला भीती वाटलीच पाहिजे.

“माझ्या लेखणीला नाती कळत नाहीत,” ते म्हणाले. “चांगलं असेल तर चांगलं, भिकार असेल तर भिकार.”

“म्हणूनच म्हणते,” ती पुटपुटली.

विनय, दुसरं काय. सून असावी तर अशी.

निर्मळ गावच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की आधी पांडुरंगकाकांच्या हाती जायचं. केळीची बाग आणि चाफा सांभाळून गेल्या अकरा वर्षांत त्यांनी सगळी कपाटं पालथी घातली होती. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असायची आणि तिच्यावर काकांचा शेरा. वर ‘वाचावेच’ किंवा ‘वाचू नये’, आणि खाली कारण. काकांचा शेरा बघितल्याशिवाय गावात कोणी पुस्तक घरी नेत नसे. काकांना याची कोण ऐट!

पुस्तक आवडलं की ते भरभरून लिहीत, दोन दोन चिठ्ठ्या जोडून. जीवनमूल्यं म्हणू नका, आशयघनता म्हणू नका, काही सोडत नसत. नावडलं तर मात्र दोन ओळींत निकाल. एका ग्रामीण कादंबरीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘वाचू नये. नायक केळीच्या झाडावर चढून घड उतरवतो. लेखकाला आमच्या वाडीत पाठवा.’ रहस्यकथेवर लिहिलं, ‘वाचू नये. खून कोणी केला ते मला बाविसाव्या पानावर कळले, इन्स्पेक्टरला शेवटपर्यंत नाही.’ भुताच्या कादंबरीतलं भूत त्यांना पटलं होतं, माणसं खोटी वाटली होती. आणि एका प्रेमकथेवर फक्त एवढंच होतं, ‘वाचू नये. ऐंशीव्या पानानंतर तर दार लावूनही वाचू नये.’

आज पाळी होती हेमांगीच्या पहिल्या कादंबरीची. विरारला नोकरी, घरात दोन मुलं, आणि तरी चार वर्षं पहाटे उठून तिनं ती लिहिली होती. गावातल्या हार गुंफणाऱ्या बायकांची गोष्ट. “बाहेर कोणी वाचो न वाचो,” ती म्हणायची, “आपल्या इथल्या बायकांनी वाचली की मी भरून पावले.”

काकांनी ती दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. असं लिहिणारं माणूस आपल्या घरात भाकऱ्या थापतं, या विचारानं त्यांची छाती फुगली होती. शेरा आठवडाभर मनात घोळवून पाठ केला होता. ‘वाचावेच’, आणि पुढे चांगल्या तीन चिठ्ठ्या.

ग्रंथपाल क्लारा टेबलाशी एका पुस्तकाला नवी पाठ चिकटवत बसली होती. काकांनी ओळखलं, तीच ती रहस्यकथा.

“पुन्हा फाटली?”

“तिसऱ्यांदा, काका.”

“चिडून आपटत असतील लोक. मी आधीच बजावलं होतं.” मग त्यांनी समोरच्या कपाटातल्या आपल्या लाडक्या पुस्तकांकडे कौतुकानं पाहिलं. सगळी कोरी करकरीत. “आणि ही बघ. चांगल्या पुस्तकाला माणूस कसा जपतो.”

“जपतात खरं,” क्लारा म्हणाली आणि तिनं हेमांगीकडे पाहिलं. हेमांगी खिडकीपाशी गेली आणि वर्तमानपत्र उघडून उभी राहिली.

क्लारानं हेमांगीची कादंबरी टेबलावर ठेवली. चिठ्ठी चिकटवलेली होती, कोरी. काकांनी पेनाचं टोपण काढलं.

“काका, त्याआधी एक सही.” क्लारानं एक कागद पुढे सरकवला. “यंदा तुम्हाला कमिटीवर घेतलंय ना. दोन वर्षांत एकदाही कोणी नेली नाहीत, ती पुस्तकं पोटमाळ्यावर टाकायची आहेत.”

“टाका की,” काका खूश झाले. “नावं तर मी न बघता सांगतो.”

तरी त्यांनी चष्मा लावला.

पहिलं नाव वाचून त्यांना वाटलं, क्लाराची काहीतरी गफलत झाली. ते त्यांचं आवडतं चरित्र होतं. दुसरं हिमालयाचं प्रवासवर्णन, ज्याच्यावर त्यांनी दोन चिठ्ठ्या खर्ची घातल्या होत्या. तिसरं, चौथं, सगळी त्यांचीच. त्यांनी पान उलटलं. केळीवर चढणारा नायक यादीत नव्हता. प्रेमकथा नव्हती. भूतही नव्हतं. मान वर करून त्यांनी ती पुस्तकं कपाटात शोधली, तर त्या जागा रिकाम्या होत्या.

“ती बाहेर गेलीत?” त्यांनी हळूच विचारलं.

“बाहेरच असतात, काका. नंबर लावून नेतात.” क्लारा डिंकाचा ब्रश पुसत राहिली.

खिडकीपाशी हेमांगीनं वर्तमानपत्राचं पान अजून उलटलेलं नव्हतं.

काकांनी यादीवर सही केली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग सुनेची कादंबरी जवळ ओढली आणि पाठ केलेल्यातलं एक अक्षरही न लिहिता आपल्या वळणदार अक्षरात शेरा दिला,

‘वाचू नये. लेखिकेने गावातल्या घराघरांतल्या गोष्टी बाहेर काढल्या आहेत. बायकांनी तर हातही लावू नये. सातव्या प्रकरणातला सासरा कोण, हे ओळखायचा कोणी प्रयत्न करू नये.’

हेमांगीनं ते दोनदा वाचलं आणि भर वाचनालयात वाकून त्यांच्या पाया पडली.