आजचं वचन

चर्चचे निवृत्त पाळक असलेल्या सासऱ्यांची नजर गेली, तेव्हापासून रोज संध्याकाळी सूनच त्यांना बायबल वाचून दाखवायची. त्यांना सगळं तोंडपाठ. तिचा एखादा 'आणि' जरी गळला तरी काठी आपटायचे, "देवाचा शब्द आहे तो! त्यातला काना-मात्रासुद्धा आपण हलवायचा नाही."

आज दिवसभर इस्पितळातल्या चादरी धुऊन आलेली ती तशीच वाचायला बसली. डोळ्यांवर झापड आली आणि वाचता वाचता तोंडातून निघून गेलं, "आणि त्या दिवशी सून फार दमली होती, आणि तिला विचारणारं कोणी नव्हतं."

दचकून ती काठीच्या आवाजाची वाट बघत राहिली.


सासऱ्यांनी चाचपडत पुस्तक मिटलं. "आमेन. आजचं वचन एवढंच. जा पोरी, पड जरा."